डावीकडून आलेला बॉल

एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला, त्यामुळे समोर माणूस आला की आधी मला तो बिनतिकिटाचा वाटतो. त्याने तिकीट दाखवलं तर वाटतं, हे कालचं तर नसेल? बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तर देवालाही पास विचाराल. विचारीन. त्यात देवाचं काय जातंय? ज्याचं खरं असतं तो चिडत नाही, हे मी पेण-रोहा गाडीवर शिकलो.

म्हणून आमच्या फुटबॉल टीमचा फॉरवर्ड मुद्दाम गोल चुकवतोय, ही शंका पहिल्यांदा मीच बोलून दाखवली. नंतर बाकीचे म्हणायला लागले, आमच्याही मनात होतंच. मनात होतं तर तोंडाला काय कुलूप होतं?

टीम म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पेणला खाडीच्या अंगाला भात कापून झालं की खारातली एक सपाट जागा मोकळी होते, आणि पाऊस येईपर्यंत तिथे पोरं खेळतात. कोणी मिठागरावरचा, कोणी गणपतीच्या कारखान्यातला, कोणी कंपनीत शिफ्ट करणारा. खेळतात पोरं, पण टीम चालवतो आम्ही, म्हणजे स्टँडच्या मागच्या सलूनमधली मंडळी. सलूनवाला स्वतः जुना गोलकीपर, गुडघा गेल्यावर पूर्णवेळ कात्री धरली. त्याच्या बाकावर संध्याकाळी मी, एक टेम्पोवाला आणि एक गणपतीचा कारखानदार असे बसतो. कारखानदार टीमला कपडे देतो, टेम्पोवाला बाहेरच्या मॅचला पोरांना नेतो, सलूनवाला त्यांचे केस फुकट कापतो आणि मी बोलतो. एवढ्या पुण्याईवर कोण खेळणार नि कोण बसणार हे आम्ही ठरवतो. कॅप्टन नुसती मान हलवतो.

फॉरवर्ड त्या कारखानदाराकडेच कामाला. तिशीच्या आतला, सडपातळ, बोलण्यात मुलखाचा चिक्कू. त्याचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं. ज्यांना पेण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साचा कोणीही भरेल, पितांबराला रंग कोणीही देईल, पण आखणीला बसतो तो माणूस म्हणजे कारखान्याची इभ्रत. गिऱ्हाईक मूर्तीचे डोळे आधी बघतं, बाकी सगळं नंतर. आखणीवाल्याची जागा दाराजवळ, उजेडाच्या तोंडाला असते, आणि त्याने ब्रश टेकवला की कारखान्यात कोणी त्याला हाक मारत नाही.

मैदानातही त्याचा हात, म्हणजे पाय, तसाच. उजवीकडून बॉल येऊ दे, तो असा अलगद घ्यायचा की बॉल आपणहून थांबल्यासारखा वाटायचा. मग कीपरने कुठेही उडी मारावी. पण त्याच माणसाकडे डावीकडून बॉल आला की पाय उशिरा उचलायचा, नाहीतर उचलायचाच नाही. डाव्या विंगेचा खेळाडू धावून धावून मरायचा, घसा फाडून ओरडायचा, पण ह्याचं लक्ष दुसरीकडेच. तो बिचारा सलूनमध्ये येऊन म्हणाला, हा माझ्यावर जळतो, मला गोलात वाटा द्यायचा नाही ह्याला. आणि वर माज केवढा! रस्त्यात हात केला तर कधी हसायचा, कधी ढिम्म. मी एकदा सायकलवरून अगदी त्याच्या कोपराजवळून गेलो, हात केला, तर बघितलंदेखील नाही. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, देवाचे डोळे रंगवतो म्हणून स्वतःला देव समजायला लागला काय हा?

सेमीफायनलला तर त्याने कमाल केली. डावीकडून बॉल थेट गोलसमोर आला. कीपर खाली पडलेला, गोल उघडा. तो गोल माझ्या बायकोनेही मारला असता, आणि ती फुटबॉलला अजून चेंडू म्हणते. हा उभा राहिला. बॉल त्याच्या पायाजवळून निघून गेला आणि हा भलतीकडे बघत होता. पुढे पेनल्टीवर आम्ही कसेबसे जिंकलो, पण कोणी फटाका लावला नाही. कारण फायनल रोह्याच्या टीमशी, रोह्याच्याच मैदानावर होती, आणि रोहा ह्याची सासरवाडी. वर्षसुद्धा झालं नव्हतं लग्नाला.

त्या संध्याकाळी सलूनमध्ये कात्री बंद आणि तोंडं चालू. मी म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. सलूनवाला म्हणाला, असा पाय टीमकडे एकदाच येतो, त्याला बसवून खेळवायचं कुणाला? टेम्पोवाला म्हणाला, जावई म्हणून दिवाळीला गेला, तिकडून काय घेऊन आला कोण जाणे. आणि मग त्याने खिशातला हुकमाचा पत्ता काढला. भाड्याने रोह्याला गेला असताना त्याने ह्याला तिथल्या स्टँडवर पाहिलं होतं, आणि एकदा नाही. सोबत कंपनीचा युनिफॉर्म घातलेला एक माणूस. रोह्याच्या टीमला ती कंपनीवाली मंडळीच तर उचलून धरतात. कारखान्याला सुट्टी नसताना हा तिकडे जातोच कशाला?

कारखानदार एकटा त्याच्या बाजूने भांडत होता. ज्याच्या हातून देवाचे डोळे उघडतात तो माणूस खोटं खेळणार नाही, हे त्याचं पालुपद. मी म्हटलं, शेट, कुंपणच शेत खातं तेव्हा कुंपणाच्या मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. तो चिडला. म्हणाला, मग बघून ये ना. तुला पास हाय, काम नाय. तू जे बघून येशील ते मी मानीन. टीममधून काढायचं की ठेवायचं, तुझ्या शब्दावर.

माझ्यासारख्याला याहून मोठा मान कोणता? पुढचे काही दिवस मी स्टँडवर चहा पीत ठाण मांडून बसलो. एका सकाळी तो आला. मान खाली, खांद्याला पिशवी, रोह्याच्या गाडीत चढला. मी मागून चढलो. गाडी अर्धी रिकामी. तो खिडकीशी बसला होता, तोंड समोर. मी मुद्दाम त्याच्या डाव्या हाताला, मधली वाट सोडून पलीकडच्या सीटवर बसलो. म्हटलं, बघू किती वेळ नाटक करतो. वडखळ गेलं. नागोठण्याला अर्धी गाडी उतरली आणि अर्धी चढली. मी खोकलो नाही, हाललो नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. ह्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिकीट काढताना कंडक्टर त्याच्या डाव्या बाजूला उभा, तर ह्याने मान पार वळवली, तेव्हासुद्धा नजर कंडक्टरवरच. मी मनात म्हटलं, काय मुरलेला आहे! इतकं साधायला माणसाला सराव लागतो.

रोह्याला उतरून तो बाजाराकडे निघाला. मी मागे. एका वळणावर माहेरी आलेली त्याची बायको उभी होती, शेजारी तो युनिफॉर्मवाला, त्याच्या हातात मोठं पाकीट. झालं, म्हटलं, टेम्पोवाल्याला भजी खायला घालायला हवी. तिघं एका इमारतीचा जिना चढले. जिन्याखाली डोळ्यांच्या डॉक्टरची पाटी होती, पण पाटीवर माझा विश्वास नाही. ‘जलद’ अशी पाटी लावलेल्या गाड्यांत मी आयुष्य काढलंय. वर बैठक असणार, डॉक्टर नावापुरता. पेणचा माणूस डोळे दाखवायला पनवेलला जातो. रोह्याला कोण जातो?

वर गेलो तर बाकावर पाच-सहा म्हातारेकोतारे औषध घालून डोळे मिटून बसलेले, आणि त्यांच्यात आमचा फॉरवर्ड. आतलं दार बंद होतं. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्याने डोळे उघडले, माझ्या दिशेने बघितलं आणि परत मिटले. ओळखलं नाही. बायकोने ओळखलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “काका, तुमी हितं?” एवढंच तिने विचारलं आणि ते मोठं पाकीट पदराआड घेतलं. त्यात त्याचे रिपोर्ट होते. युनिफॉर्मवाला तिचा भाऊ. शिफ्ट सुटली की तो बहीण-मेहुण्याला सोबत म्हणून यायचा.

डॉक्टरांकडचं आटपल्यावर आम्ही कुंडलिका नदीच्या काठाला जाऊन बसलो. ती सारखी नवऱ्याला खुणावत होती, काही बोलू नका म्हणून. तो तिला म्हणाला, बस गो, काका आता काय सोडणार नाय. आणि मग त्या चिक्कू माणसाने मला सगळं सांगितलं.

लहानपणी त्याच खारातल्या मैदानावर डाव्या डोळ्यावर बॉल बसला होता. सूज आली, उतरली, आईने हळद लावली, विषय संपला. आता इतक्या वर्षांनी त्या डोळ्याची नस वाळत चालली होती. डाव्या बाजूचं जवळजवळ काही दिसायचं नाही. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांवर टिकवायचं. उजवा डोळा ठणठणीत. आणि डॉक्टर म्हणाले होते, फुटबॉल बंद, परत मार बसला तर उरलंय तेही जाईल.

डावी विंग, सायकल, उघडा गोल, गाडीतली ती वळवलेली मान, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी ज्याला माज म्हणत होतो तो माणूस मला बघूच शकत नव्हता. पण मी असा की चूक कळली तरी आवाज चढतो. मी त्याच्यावरच खेकसलो, की मग सांगायला काय झालं होतं? तोंड नाही काय तुला? आत्ता चल, सलूनमध्ये सगळ्यांसमोर सांग, कोण तुला फितूर म्हणतो ते मी बघतो.

“सलूनमध्ये शेट असतो, काका,” तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेट, म्हणजे त्याचा कारखानदार. आखणीवाल्याचा एक डोळा गेला हे पेणमध्ये एकदा फुटलं की त्याची दाराजवळची जागा गेली. एका डोळ्यानेही तो पहिल्यासारखंच काम करत होता, त्याच्या रेषेत केसाचा फरक नव्हता. पण ऐकणार कोण? गिऱ्हाईक म्हणणार, अधू डोळ्याच्या माणसाने केलेले डोळे आम्हाला नकोत, अपशकुन नको. मूर्ती परत यायला लागल्या तर शेट तरी काय करणार? म्हणूनच तो रोह्याला यायचा. पनवेलला दवाखान्यात पेणचं निम्मं गाव भेटतं. बायकोचा हात चांगला होता, माहेरी मेंदी काढायची. तो तिला घरी रोज आखणी शिकवत होता. एक हंगाम त्याला हवा होता. तिचा हात बसला की तिला त्याच्या जागेवर बसवायचं आणि मग शेटला स्वतःच सांगायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

मी म्हटलं, मग खेळणं तरी सोड. फायनल खेळून डोळा घालवतोस काय?

तर तो म्हणाला, मी आपणहून सोडलं तर तुम्ही सोडाल काय मला? फायनल तोंडावर आणि फॉरवर्ड खेळत नाय म्हणतो, तर अख्खी मंडळी घरी येणार कारण विचारायला. औषधाची बाटली कोनाड्यातच हाय. हे त्याचं बरोबर होतं. पहिला मीच गेलो असतो.

मग तो माझा हात धरून म्हणाला, “मना टीममधून काढा, काका. पण फितूर म्हणून काढा. कारण मिळालं की लोक अजून खोदत नाय.”

मी म्हटलं, अरे, शेटने फितूर म्हणून कामावरूनही काढलं तर?

“फितुराने केलेले डोळे चालतील,” तो म्हणाला. “काण्याने केलेले चालणार नाय.”

बायको पाण्याकडे बघत पदराने डोळे पुसत होती. तिचा भाऊ चहा आणतो म्हणून उठला तो बराच वेळ आलाच नाही.

त्या संध्याकाळी सलूनमध्ये सगळे माझीच वाट बघत होते. कॅप्टनलाही बोलावलं होतं. मी आयुष्यात कधी खोटं तिकीट फाडलं नाही, आणि त्या दिवशीही एक शब्द खोटा बोललो नाही, हे लिहून ठेवतो. तो रोह्याला गेला होता, मी म्हटलं. टेम्पोवाल्याने पाहिलेला तो कंपनीवाला भेटला. त्याच्या हातात मोठं पाकीट होतं. ते बाजारातल्या एका इमारतीत वर गेले. मी वर गेलो तेव्हा आतलं दार बंद होतं. मला बघून त्याच्या बायकोने पाकीट पदराआड लपवलं.

टेम्पोवाल्याने मांडीवर थाप मारली. सलूनवाला आरशाकडे तोंड करून शिवी पुटपुटला. कारखानदार मात्र माझ्याकडे टक लावून बघत होता. मी एरवी एवढ्या हकिगतीत अर्धा तास काढला असता, आज थोडक्यात का आटोपतोय, हे त्याला खटकलं असणार. त्याने विचारलं, वर काय होतं त्या इमारतीत? मी म्हटलं, माणसं बसली होती बाकावर. काय बोलणं झालं? मी म्हटलं, ते मला ऐकवणार काय? मग त्याने माझ्याकडे झुकून विचारलं, “तुझं मत सांग. पोरगा खोटा हाय?”

तो एकटाच फॉरवर्डच्या बाजूने उभा होता, आणि त्याच्यापासूनच सगळं लपवायचं होतं. सलूनमध्ये पावडरचा वास येत होता, बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. मी म्हटलं, “काढा त्याला, शेट. तो फायनलला मैदानात नको.” हेही खोटं नव्हतं.

शेट उठला. जाताना एवढंच म्हणाला, की टीममधून काढा, पण कारखान्यातून मी काढणार नाय. खेळात खोटा असेल, हात खोटा नाय त्याचा. मी मोठा सुस्कारा सोडला. सलूनवाल्याला वाटलं, मला वाईट वाटलं. वाईटही वाटलंच होतं.

फायनल आम्ही हरलो. दुसऱ्या हाफमध्ये उजवीकडून एक बॉल असा आला की तो असता तर डोळे मिटून गोल झाला असता. तिथे कोणीच नव्हतं. परतीच्या टेम्पोत डाव्या विंगेचा खेळाडू म्हणाला, त्यानेच आपला खेळ रोहेकरांना सांगितला असणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाडीकडे तोंड करून बसलो.

पुढे त्याच्या घराच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने ‘रोहेकर’ लिहिलं. त्याने ते पुसलं नाही. बायकोला त्याने कारखान्यात रंगकामाला म्हणून लावलं आणि दुपारी सगळे जेवायला गेले की दाराजवळच्या जागेवर बसवायला लागला. मी कधीमधी शेटकडे चहाच्या निमित्ताने जायचो. माझा स्वभाव, तिचा हात कितपत बसलाय हे डोळ्यांत तेल घालून बघायचो. आषाढात एकदा त्याने फळीवर मूर्ती मांडल्या आणि शेटला विचारलं, यातल्या माझ्या कोणत्या? शेट प्रत्येकीसमोर थांबला, वाकला, चष्मा काढला, परत घातला. त्याला काही सांगता येईना. तेव्हा फॉरवर्डने त्याला आत नेलं आणि दार लावलं.

बाहेर आला तेव्हा शेटचे डोळे लाल होते. मला बघून म्हणाला, तुला ठावं होतं? मी म्हटलं, व्हय. तो मला मारतो की काय असं वाटलं. पण तो म्हणाला, बाहेर कुठं बोलू नको, हंगाम हाय. आणि तिला दाराजवळची जागा दिली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचे डोळे पेणच्याही बाहेर गाजले. तो मातीचं आणि साच्यांचं बघतो. हे लिहू का म्हणून त्याला विचारलं, तर म्हणाला, नावं नका लिहू, बाकी तुमची मर्जी. सलूनमध्ये अजूनही त्याला कोणी खरं माफ केलेलं नाही. त्यानेही कधी माफी मागितली नाही.

फायनलच्या दिवसांत तो मॅच बघायला येतो. मैदानाच्या एका टोकाला असा उभा राहतो की सगळा खेळ त्याच्या उजव्या हाताला पडावा. लोक म्हणतात, बघा, पाहुण्या टीमच्या बाजूला कसा उभा आहे. मी जाऊन त्याच्या डाव्या बाजूला उभा राहतो. उभं राहण्याआधी खाकरतो, म्हणजे तो दचकत नाही. सलूनवाला दर वेळी विचारतो, तू त्या फितुराशेजारी कशाला जातोस? मी सांगतो, तिकडे सावली असते. तिकडे झाड नाही, हे त्याला दिसतंय. पण त्याने अजून पुढे काही विचारलेलं नाही.